शाकारलेला कॉम्प्युटर

आमच्या शाळेने माझ्या मुलीला फसवलं. ज्या यंत्राला तिने कधी बोट लावलं नव्हतं ते यंत्र तिला चालवता येतं, असं शाळेने कागदावर लिहून दिलं. मुलीने त्या कागदावर विश्वास ठेवला. पुढचं सगळं यातूनच निघालं आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

होड्या पुन्हा वर ओढल्या आहेत. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दिवस सुरू झाले की आमच्या मिरकरवाडा बंदरात चालायला वाट राहत नाही. ट्रॉलर खाडीत आत नेऊन बांधतात, लहान होड्या किनाऱ्यावर एकीला एक लागून उभ्या करतात आणि त्यांच्यावर माडाचे झाप आणि निळं प्लास्टिक घालून दोरीने आवळतात. याला आम्ही शाकारणं म्हणतो. घराचं छप्पर शाकारायचं तशीच होडी शाकारायची. मग धक्क्यावर एक निराळाच वास सुटतो. ओल्या झापांचा, डांबराचा, घड्या घालून ठेवलेल्या जाळ्यांत अडकलेल्या खाऱ्या पाण्याचा. बर्फाच्या कारखान्याची घरघर थांबते. ज्या धक्क्यावर माझ्या आवाजाशिवाय लिलाव उघडत नाही तिथे कावळे निवांत बसतात. घरोघरी सुकटीचा वास आणि पेजेची वाफ. माझ्यासारख्या मासळीच्या व्यापाऱ्याने या दिवसांत पाय पसरून झोपावं. मला झोप येत नाही. ते निळं प्लास्टिक दिसलं की मला अठ्ठ्याण्णव सालचा पावसाळा आठवतो आणि माझं डोकं फिरतं.

लोक म्हणतात, माझं तोंड वाईट आहे. असेल. मी टोपली घेताना वरची मासळी बघत नाही, टोपली उलटी करतो. कल्ले उघडून आत लाल आहे का पाहतो. ज्याच्या टोपलीत वर पापलेट आणि खाली चिखल, त्याला चारचौघांत ऐकवतो. शाळा अर्धी सोडून डोक्यावर पाटी घेतली तेव्हापासून मी असाच आहे. याच तोंडामुळे गावाने मला त्या उन्हाळ्यात मुंबईला पाठवलं होतं.

शाळेला कॉम्प्युटर घ्यायचा होता. होडीवाले, बर्फवाले, आंब्याच्या बागांचे मालक, ज्यांची मुलं आखातात होती ते बाप, सगळ्यांनी हातभार लावला होता. खरेदीला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मुंबईच्या त्या गार दुकानात मी खुर्चीवर मांडी घालून बसलो. दुकानदार पोरगेलासा होता. हसून म्हणाला, "काका, ही मासळी नाही."

मी म्हटलं, "मग बरंच की. संध्याकाळपर्यंत सडायची नाही. मी बसतो."

दुपारपर्यंत बसलो. यंत्रावर टंकलेखन शिकवणारी एक तबकडी फुकट मिळवली, वर चहाही प्यायलो. यंत्र ट्रकने हातखंब्याला उतरलं. तिथून टेंपोने गावात आणायचं होतं. माझी मुलगी नसीम हट्टाने बरोबर आली होती. ती नववीत जाणार होती. कळफलकाचं खोकं तिने कोणाला दिलं नाही, सगळी वाट मांडीवर धरून बसली. वळण आलं की दोन्ही हातांनी त्याला कवटाळायची, जसं तान्हं मूल असावं.

"अब्बा, हे मला येईल ना?"

"का नाय येणार? तुला काय हात नायत?"

"मग मी बाई झाले की पोरांना शिकवीन."

बाई व्हायचं तिचं फार आधीपासून ठरलेलं. आमच्या अंगणात मासळीचे रिकामे क्रेट उलटे घालून त्यावर ती मोहल्ल्यातली पोरं बसवायची आणि कोळशाने भिंतीवर बाराखडी लिहायची. भिंत काळी केली म्हणून तिची अम्मी ओरडायची. मी भिंत कधी पुसू दिली नाही.

यंत्र आलं, हार घातला, नारळ फोडला. हेडमास्तरांनी भाषण केलं. एकविसावं शतक, माहितीचा महासागर, कोकणची कन्या, असं बरंच. मग बटण दाबलं आणि पडदा उजळला. तेवढ्याने सगळ्या पोरांनी एकदम श्वास आत ओढला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ओहोटीला वाळूतून पाणी मागे सरतं तेव्हा असाच होतो. नसीम पहिल्या रांगेत होती. तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता. मी धक्क्यावर पुष्कळ चेहरे वाचले आहेत. घ्यायचंच आहे आणि परवडेल की नाही कळत नाही, असा चेहरा होता तो.

आणि मग जून लागला.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. मी हे मुद्दाम लिहितो, कारण त्यामुळेच माझा राग जास्त आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. यांनी आयुष्यभर एकेक वस्तू पावसात जाताना पाहिली होती. शाळेचा रेडिओ गंजला, प्रयोगशाळेतल्या तराजूवर बुरशी आली, नकाशे भिंतीला चिकटून फाटले. जांभ्याच्या भिंतीतून आमच्याकडे चार महिने ओल पाझरते, वहीची पानं सुद्धा सादळलेल्या पापडासारखी मऊ होतात. तेव्हा गावाने विश्वासाने दिलेलं हे महागडं यंत्र जपायचं कसं, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. आणि एके दिवशी ते धक्क्यावरून जात होते, त्यांनी होड्या शाकारताना पाहिलं.

त्यांनी आमच्याच एका खलाशाला शाळेत बोलावलं. यंत्राला आधी चादर, चादरीच्या घडीत डांबराच्या गोळ्या, वर जाड निळं प्लास्टिक, आणि त्यावरून दोरी. खलाशाने होडीला मारतात तशाच गाठी मारल्या. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली हेडमास्तरांच्या सफारीच्या खिशात गेली. उघडायचं कधी? नारळी पौर्णिमेला. दर्याला नारळ दिला की आमच्या होड्या सुटतात, त्याच मुहूर्तावर कॉम्प्युटर सुटणार होता.

मला त्यांनी अभिमानाने दाखवायला नेलं. "या भाई, बघा. तुम्ही होड्या जपता, तसं आम्ही हे जपलंय."

कोपऱ्यात ते निळं गाठोडं बसलं होतं. एखाद्याला शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून बसवावं तसं.

मी म्हटलं, "सर, होडी आम्ही उभी करतो ती समुद्र खवळतो म्हणून. तुमच्या वर्गात कुठला समुद्र खवळलाय?"

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली.

तिथे सावंत बाई उभ्या होत्या. हातखंब्याच्या पलीकडच्या गावातून रोज एसटीने यायच्या. वयाने लहान, नुकत्याच लागलेल्या. संगणकाच्या प्रशिक्षणाला शाळेने त्यांनाच पाठवलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "सर, यंत्र चालू राहिलं की आतून गरम राहतं. बंद ठेवलं की ओल धरतं. आम्हाला प्रशिक्षणात हेच सांगितलंय. रोज थोडा वेळ तरी लावूया. मुलांचाही हात बसेल."

हेडमास्तर म्हणाले, "बाई, प्रशिक्षण पुण्याला झालं. पाऊस इथे पडतो."

खोलीत हजर होते ते सगळे हसले. शिपाईही हसला. सावंत बाईंनी मान खाली घातली. ज्या एका माणसाला त्या शाळेत हे काम येत होतं, त्याचं तोंड एका वाक्यात बंद झालं. मी लिलावात अशी वाक्यं रोज ऐकतो. समोरच्याचा माल खरा असला की खोटा माणूस आधी हशा पिकवतो.

पण अभ्यासक्रम तर पुरा करायचा होता. पाऊस होता, खोलीला कुलूप होतं आणि फळ्यावर विषय होता संगणक. सावंत बाईंनी मुलांना सांगितलं, घरून पुठ्ठा आणा, त्यावर कळफलक काढा. कोणी जुन्या दिनदर्शिकेचा आणला, कोणी साडीच्या खोक्याचा. नसीमने कोळंबी परदेशी पाठवतात त्या खोक्याचा आणला. त्याला मेण असतं, शाई टिकत नाही. तिने क्रेटवर खुणा करायचा आमचा काळा रंग घेतला आणि काडीने एकेक अक्षर काढलं. चौकोन इतके सरळ की छापल्यासारखे.

त्या पावसाळ्यात आमच्या पडवीत हेच चाललेलं असायचं. समोर पागोळ्या, मागे चुलीचा धूर, आणि ही मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलेली. डोळे मिटायची आणि बोटं फिरवायची. ओठ हलायचे. बोट अक्षरावर दाबून ठेवायचं, पुढचं अक्षर सापडलं की तिथे न्यायचं. पुठ्ठ्याला काय, कितीही वेळ दाबा. कसला आवाज नाही, काही उमटत नाही. तिची अम्मी दारातून बघायची आणि मला म्हणायची, "अवो, पोर पेटी वाजवतेय का काय? सूर तर येत नाय."

मी एकदा समोर बसलो. म्हटलं, "बाय, काय शिकलीस ते सांग."

ती ताठ बसली. "मॉनिटर म्हणजे संगणकाचा दूरचित्रवाणीसारखा दिसणारा भाग. माउस म्हणजे हाताने फिरवण्याचे साधन. डबल क्लिक म्हणजे माउसचे डावे बटण लागोपाठ दोन वेळा दाबणे."

"दाबलंस कधी?"

"परीक्षेत दाबायला नाय लागत, अब्बा. लिहायला लागतं."

तिने माउसचं चित्र काढून दाखवलं. शेपटीच्या वळणासकट. बाईंनी त्यावर 'सुंदर' असा शेरा दिला होता, आणि तो सुंदरच होता. समजा मी पोराला पोहायला शिकवायचं म्हणून त्याच्याकडून समुद्राचं चित्र काढून घेतलं, लाटेची व्याख्या पाठ करून घेतली, आणि मग कागद दिला की याला पोहता येतं. त्याला मी होडीवर घेईन का? घेतला आणि तो बुडाला, तर लोक कोणाला धरतील?

मी काही शिकलेला नाही, पण शिकणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. पहिल्यांदा लिलावात उभा राहिलो तेव्हा माझा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा चुकीचा दर बोललो, सगळे हसले. तिसऱ्यांदा मी त्यांना हसवलं. मधे कोणी मला सांगितलं नाही की तू उभा राहू नको, धक्का खराब होईल. पोरांच्या हातून ते यंत्र अडकलं असतं, बंद पडलं असतं, काहीतरी पुसलं गेलं असतं. तेच तर शिकायचं होतं. बाईंनाही तेच हवं होतं, पोरांच्या देखत चुकायला आणि दुरुस्त करायला मिळावं. त्यांना खडू मिळाला.

मी शाळेत गेलो. साधा नाही गेलो, पावसात भिजत, डोक्यात राग घेऊन गेलो. व्हरांड्यात पोरं ओळीने उभी होती, त्या बंद दाराच्या फटीला डोळा लावून आत बघायची. एक म्हणायचा, "दिसला?" दुसरा म्हणायचा, "निळा दिसतो." हाच त्यांचा तास.

हेडमास्तरांना मी म्हटलं, "दार उघडा. गावाने हा माल शोभेला नाय दिलेला."

"भाई, बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्ही एकटे कोण? ही संस्था आहे."

मी टेबलावर हात आपटला. शाई सांडली. आणखी बोलणार तेवढ्यात दारात नसीम दिसली. वेणीतून पाणी गळत होतं. तिने नुसते हात जोडले. मी बाहेर आलो तेव्हा म्हणाली, "अब्बा, नको. तुम्ही गेल्यावर सर वर्गात बोलतात मला. मच्छीबाजार शाळेत आणू नका म्हणतात."

त्या दिवशी मी परत वळलो. माझ्या सगळ्या आयुष्यात मी तोंडातला शब्द गिळला असे प्रसंग फार नाहीत. तो गिळलेला शब्द अजून तसाच आहे, उतरला नाही.

नारळी पौर्णिमेला धक्क्यावरून दर्यात नारळ गेला आणि शाळेत गाठी सोडल्या. प्लास्टिक काढलं तसा वास आला. बंद ट्रंकेत ओला टॉवेल राहिला की येतो तसा. चादरीवर पांढरी बुरशी, पडद्याच्या काचेवर डाग, कळफलकाच्या फटींतून हिरवट केस आलेले. बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पोरं या वेळी श्वास ओढून थांबली होती, तो श्वास त्यांनी तसाच सोडला. सावंत बाईंनी कळफलकावरची बुरशी बोटाने पुसून पाहिली. त्यांचं म्हणणं आता यंत्रच सांगत होतं.

हेडमास्तर म्हणाले, "एवढं जपूनही गेलं. काय पाऊस हा!"

दुरुस्तीवाला दिवाळीनंतर आला. तोपर्यंत सहामाही होऊन गेली होती. यंत्र सुरू झालं, पण पुन्हा बिघडू नये म्हणून ते कार्यालयात गेलं, तिथे कारकून त्यावर पत्रं लिहायचा. दर उन्हाळ्यानंतर पुन्हा चादर, पुन्हा गोळ्या, पुन्हा गाठी. दहावीतही नसीमच्या हाती तोच पुठ्ठा होता, कडा झिजून मऊ झालेला.

प्रमाणपत्र मिळालं. संगणक परिचय, प्रथम श्रेणी, प्रात्यक्षिक उत्तम. खाली हेडमास्तरांची सही, वळणदार. मी विचारलं, "सर, प्रात्यक्षिक झालं कधी?"

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, सगळीकडे असंच चालतं. मी 'नाही' लिहून तुमच्या मुलीचं नुकसान करू का?"

त्यांना खरंच वाटत होतं की ते उपकार करताहेत. आणि नसीम तिकडे मैत्रिणींना तो कागद दाखवत होती, कोपरे दुमडू नयेत म्हणून दोन बोटांत धरून. तिला वाटत होतं, सगळं पाठ आहे म्हणजे सगळं येतं. तिला तसं शिकवलंच होतं. त्या दिवशी तिच्या हातून तो कागद ओढून घ्यायला हवा होता, असं कोणी म्हणेल. त्याने आपल्या मुलीच्या हातून ओढून दाखवावा.

बारावी झाली. शहरात वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, एक नवी इंग्रजी शाळा निघाली होती. लहान वर्गांना मदतनीस बाई पाहिजे होत्या, कॉम्प्युटर येणाऱ्या. पुढे शिक्षिका म्हणून घेऊ असंही म्हणत होते. नसीमने नवा सलवार-कमीज घातला, डोक्यावरून ओढणी नीट घेतली. मी बरोबर गेलो. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार उघडंच होतं.

आत जाताना तिने चपला दाराबाहेर काढल्या आणि जोडीने भिंतीला लावून ठेवल्या. आमच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता. आतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, चपला राहू द्या. देऊळ नाही हे." कोणीतरी हसलं. नसीम अनवाणीच आत गेली.

खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवून थांबली. परवानगीची वाट बघत.

"करा सुरू. तुमचं नाव लिहा."

तिने पहिलं अक्षर शोधलं नाही, बोट सरळ तिथेच गेलं. पुठ्ठ्याने एवढं तिला दिलं होतं. पण पुठ्ठ्यावर जसं दाबून ठेवायची तसंच दाबून ठेवलं, पुढचं अक्षर मनात येईपर्यंत. तिच्या नावाचं पहिलं अक्षर पडद्यावर धावत सुटलं. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. तिने चटका बसावा तसा हात ओढून घेतला.

"घाबरू नका. पुसून टाका ते."

नसीम खालच्या आवाजात म्हणाली, "बॅकस्पेस म्हणजे कर्सरच्या डावीकडचे अक्षर काढून टाकणारी कळ."

"हो, बरोबर. सांगू नका, करा."

तिने केलं नाही. हात पुन्हा मांडीवर गेले. मला बाकावरून तिची पाठ दिसत होती. तशी ताठ, व्याख्या म्हणताना बसायची तशी. त्या बाई समजूतदार होत्या, त्यांनी वेळ दिला, पाणी दिलं. पण ती हललीच नाही. पडद्यावर तिच्या नावाचं एकच अक्षर रांगा करून उभं होतं.

परत येताना मी रिक्षा थांबवली, ती चालूया म्हणाली. सड्यावर कातळातून पाणी वाहत होतं, त्या पाण्यातून ती चपला न भिजवता, दगड बघून पाय टाकत होती. रडली असती तर बरं झालं असतं. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "माझंच डोकं कमी, अब्बा. एवढं शिकवूनही नाय आलं मला."

एवढं शिकवूनही. तो शब्द मला कापत गेला. त्या संध्याकाळी अंगणातले क्रेट तिने सुलटे करून एकावर एक रचले. मोहल्ल्यातली पोरं काही दिवस येऊन दारातून हाका मारायची, मग यायची थांबली. पुढे कुठे अर्ज केला नाही. मी किती सांगितलं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना नको तो माल पटवून दिला, त्याला स्वतःच्या मुलीला तिचीच किंमत पटवून देता आली नाही.

नंतर तिचं लग्न झालं. जावई चांगला आहे, मस्कतला असतो. आता पत्रं कोणी लिहीत नाही, तो संगणकावरून लिहितो. नसीम त्यासाठी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाते. तिथला मुलगा तिचं खातं उघडतो, पत्र छापून हातात देतो. देता देता वाचतोच. एकदा मी बरोबर होतो. तो दात काढून म्हणाला, "वहिनी, भाईंना लई आठवण येतेय बरं का!" दुकानात चार माणसं होती. नसीमने ओढणी तोंडावर ओढली. तिचं उत्तरही तोच लिहितो, ती शेजारी उभी राहून सांगते. मूल बरं आहे, पाऊस चांगला आहे, काळजी घ्या. नवरा-बायकोच्या मनातलं सगळं या तीन वाक्यांत बसवायचं. बाकीचं परक्या माणसासमोर कसं बोलणार? हळूहळू तोही तेवढंच लिहायला लागला. जिला कळफलकाचं सगळं पाठ होतं, तिला स्वतःच्या नवऱ्याला एक ओळ एकटीने लिहिता येत नाही.

मी म्हटलं, "घरी घेऊन देतो एक. मी शिकलोय आता, मी दाखवतो." खरंच शिकलो होतो. बर्फाच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर मुंबईचे दर बघायला, निरोप पाठवायला. दोन-तीनदा सगळं बंद पाडलं, कारखानदाराच्या शिव्या खाल्ल्या, आलं. मला कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं, म्हणूनच आलं असावं.

ती म्हणाली, "नको अब्बा. माझ्याकडून बिघडेल."

आणि परवा तिच्या मुलीने, माझ्या नातीने, माझा मोबाइल उचलला. बटणं दाबून बघत होती, हसत होती. नसीमने तो तिच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "हात नाय लावायचा गो. बिघडतं."

नातीने हात मागे घेतला. लगेच, शहाण्यासारखा. तेव्हा मला कळलं की ते निळं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. ते आता पुढच्या पोरीवर चढतं आहे.

सावंत बाई मला मधे हातखंब्याच्या थांब्यावर भेटल्या होत्या. कानाशी एखादा केस पिकलाय. आता त्या शिक्षकांनाच संगणक शिकवतात, गावोगाव फिरतात. म्हणाल्या, पहिल्या दिवशी मी सगळ्यांना मुद्दाम चूक करायला लावते. मग खूप आपुलकीने विचारलं, "भाई, आपली नसीम कुठल्या शाळेवर आहे?" त्यांनी धरूनच चाललं होतं की ती शिक्षिका झाली. मी म्हटलं, "बाई, तुमची गाडी आली." त्या घाईने चढल्या, खिडकीतून हात हलवत राहिल्या.

आता शाळेचे नवे हेडमास्तर दोन शिक्षकांना घेऊन माझ्या घरी येऊन गेले. ओळीने यंत्रं असलेली नवी खोली तयार झाली आहे. उद्घाटन याच पावसाळ्यात आहे, आणि पहिलं यंत्र ज्यांनी आणलं आणि ज्यांनी सांभाळलं त्यांचा सत्कार आहे. म्हणजे माझा, आणि निवृत्त झालेल्या त्या हेडमास्तरांचा. एकाच व्यासपीठावर.

"भाई, मागचं विसरा," ते म्हणाले. "काळ तसा होता."

मी त्यांना चहा दिला. काळाने माझ्या मुलीच्या कागदावर सही केली नव्हती. ती एका माणसाने केली, त्याला डोळे होते, त्याच्याकडे सांगणारी बाई होती आणि मी त्याच्या टेबलाशी उभा राहून भांडलो होतो.

तेव्हा, शाळेच्या मंडळींनो, मी सत्काराला येणार. शाल नको, श्रीफळ नको. माझी मागणी एकच आहे आणि तिच्यात मी एक तसूही खाली येणार नाही. ज्यांनी 'प्रात्यक्षिक उत्तम' लिहिलं त्यांनी, आणि ते लिहिलं जात असताना गप्प बसलेल्या संस्थेतल्या प्रत्येकाने, नसीमच्या घरी जायचं. तिच्या मुलीच्या देखत तिच्यासमोर बसायचं आणि सांगायचं, की बाय, तुझं डोकं कमी नव्हतं, आम्ही तुला शिकवलंच नाही आणि शिकवलं असं खोटं लिहून दिलं. मी हे तिला पुष्कळदा सांगितलं. मी बाप आहे, माझं बोलणं ती माया म्हणून धरते. तिचा विश्वास अजून त्या सहीवर आहे. म्हणून सही करणाऱ्याच्याच तोंडून तिला हे ऐकायचा हक्क आहे. कोण जाणार, कधी जाणार, ते मला त्या व्यासपीठावर, माइकवर, सगळ्या गावासमोर सांगा.